दंडावरची चार बोटे

माणसाच्या अंगावरचे वळ मला वाचता येतात, असा माझा समज होता. तो खोटा नव्हता. अपुरा होता.

मी कराडजवळच्या एका हायस्कुलात व्यायामशिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर शिराळ्याच्या बाजूला, वारणेकाठच्या माझ्या गावी परतलो आणि गावची तालीम हाती घेतली. तालमीत वस्तादाला दोन कामे असतात. पोरांना लढायला शिकवायचे, आणि लढताना जे निखळते ते बसवायचे. ही दुसरी विद्या मी साताऱ्यात माझ्या वस्तादांच्या हाताखाली शिकलो. निसटलेला खांदा, मुरगळलेला घोटा, सुजलेला गुडघा घेऊन पंचक्रोशीतली माणसे माझ्याकडे येत. माझी रीत एकच होती. तेल लावून सांधा जोराने चोळायचा, ओढायचा आणि झटका द्यायचा. माणूस ओरडे. ओरडला म्हणजे जागा सापडली, असे मी मानत असे.

वळांचेही तसेच. छडीचा वळ लांब असतो आणि कडांना गडद. थपडेचा पसरट. पडल्याचा डाग हाडावर येतो. नडगीवर, कोपरावर, कपाळावर. मारल्याचा मांसावर येतो. दंड मुठीत आवळला तर एका बाजूला चार बोटे उमटतात आणि समोर अंगठा. शाळेत पोराने सदरा काढला की त्याचा बाप रात्री कसा घरी येतो ते मी सांगू शकत असे. क्वचितच चुकलो.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांत, एका नागपंचमीला माझी मुलगी माहेरी आली. तिला माधवनगरला दिली होती. जावई यंत्रमागावर विणकर. चार माग सांभाळत असे. मुलीसोबत तिचा पाच वर्षांचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको त्याला दगडावर उभा करून आंघोळ घालत होती, तेव्हा मी त्याचे उघडे अंग पाहिले. पाठीवर आणि बरगड्यांखाली जुने डाग होते, पिवळे पडलेले. मांडीवर एक निळा. आणि उजव्या दंडावर ताजी, काळीनिळी चार बोटे. समोर अंगठा.

"हे कुणी केलं?" मी मुलीला विचारले.

"कुणी न्हाई आबा. त्याला उठतंयच तसं."

"तसं म्हंजी कसं?"

ती चुलीकडे पाहत राहिली. "लागलं की उठतंय. न्हाई लागलं तरी उठतंय."

मार खाणाऱ्या बायकांची अशी उत्तरे मी आयुष्यभर ऐकली होती. न्हाणीपाशी बायको काही बोलू लागली, तिच्या भावाचे काही. मी तिला गप्प बस म्हणालो. आमच्या घरात मी गप्प म्हटले की माणसे गप्प होत.

तिसऱ्या दिवशी जावई न्यायला आला. तालीम आमच्या घराला लागूनच आहे. पारावर दोन म्हातारे बसले होते.

"वस्ताद, पाव्हणं आलं तुमचं. पंचमी सरली न्हाई तवर न्यायला हजर."

"बायकोबिगर करमंना व्हय वं पाव्हणं?"

जावई हसला. "मागाला करमतंय वं. मला न्हाई करमत." त्याच्या हातात पोरासाठी आणलेली प्लास्टिकची मोटार होती.

मी त्याला काही विचारले नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मी आधी विचारले आणि मग हात उचलला असे पुढे लोक सांगत. तसे घडले नाही. मी पुढे झालो आणि त्याच्या कानशिलात मारली. तो सावरायच्या आत कमरेला धरून उचलला आणि तालमीच्या दारातून आत, कुस्तीच्या हौद्यातल्या मातीवर आपटला. त्याचा श्वास कोंडला. पाठीवर गुडघा दिला, उजवा हात मागे घेतला आणि मनगट पिरगळले.

"मामा! आवं मामा, झालं काय?"

"पोराला मारतोस?"

"पोराच्या आनंनं सांगतो, बोट लावलं न्हाई मी!"

मुलगी घरातून धावत आली. माझ्या पाठीवर बुक्क्या मारू लागली. "सोडा आबा! त्यांनी न्हाई! मी धरलं हुतं त्याला स्टँडवर, मी!" नवऱ्याला पाठीशी घालते आहे, असे मला वाटले, आणि त्याचा अधिकच राग आला. मनगट कुठवर फिरते आणि कुठून पुढे मोडते, ते मला नेमके ठाऊक होते. त्या जागी मी थांबलो. मग पुढे गेलो.

आवाज पारापर्यंत गेला. एक म्हातारा म्हणाला, "वस्ताद, मोडलं तुमी, आता बसवाबी तुमीच." कोणी हसले नाही. जावई उठला. तोंडात माती होती, ती त्याने थुंकली. मोडका हात छातीशी धरून तो एस. टी.च्या रस्त्याला लागला. मुलगी पिशवी भरू लागली, तेव्हा मी दाराला बाहेरून कडी घातली. मोटार हौद्यात राहिली होती. ती मी पोराला दिली.

चार दिवसांनी त्या मोटारीनेच पुढचे घडवले. पोर दिवसभर गुडघ्यांवर रांगत ती अंगणातून ओढत असे. संध्याकाळी त्याचा डावा गुडघा सुजला. मुरगळला असेल, असे मी ठरवले. तालमीतल्या दोघांना बोलावले. एकाने पोराचे खांदे धरले, दुसऱ्याने दुसरा पाय. मी तेल घेतले.

बायको दारात आली. "आवं, चोळू नका. माझ्या भावाचं असंच..."

"आत जा."

मी चोळू लागलो. पोर ओरडले. जागा सापडली असे मानून मी अंगठा अधिक दाबला, पाय ओढला, झटका दिला. ते ओरडत होते तोवर मी थांबलो नाही. शेवटी त्याचा आवाज बसला, तेव्हा थांबलो. खांदे धरणाऱ्या पैलवानाने माझ्याकडे पाहिले नाही.

सकाळी गुडघा मांडीहून जाड झाला होता. कातडी ताणून चकाकत होती, हाताला गरम लागत होती. पोर रडत नव्हते. डोळे उघडे ठेवून पडले होते. गावातल्या एकाची जीप घेतली आणि मुलगी, बायको आणि मी त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेले.

मुलांच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी पोराचे कपडे काढले, डाग पाहिले आणि थेट विचारले, "याला घरी कोण मारतं?"

"याचा बाप," मी म्हणालो.

"न्हाई," मुलगी म्हणाली. "कुणीच न्हाई मारत. सासू म्हनती मी मारती. आबा म्हनत्यात ह्ये मारत्यात. ह्ये दंडावरचं माझं. शिराळ्याच्या स्टँडवर पंचमीची गर्दी, ह्यो चेंगरत हुता. दंडाला धरून वर वडला. तेवढंच."

"आणि हा गुडघा?"

"तो मी चोळला," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सुई मागवली. तपासणीसाठी पोराच्या कोपरातल्या शिरेतून रक्त काढले. सुई निघाली तशी कापूस दाबायला सांगितला. कापूस भिजला. दुसरा भिजला. नर्सने दाब दिला, पट्टी बांधली. थोड्या वेळाने पट्टीतून लाल ठिपका वर आला आणि पसरत गेला. मग चादरीवर थेंब पडू लागले. कोणी मारीत नव्हते, कोणी कापीत नव्हते, आणि एका सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पोर गळत होते. डॉक्टरांनी मुलीकडून वळून माझ्या बायकोला विचारले, "आजी, तुमच्या माहेरी असं कुणाला झालं होतं?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी गप्प बस म्हणालो नाही.

तिला धाकटा भाऊ होता. आठ वर्षांचा असताना जत्रेत एकाने त्याचा किडका दात उपटला. रक्त थांबले नाही. आईने हळद भरली, चुना भरला, चिंध्या कोंबल्या. पोर रक्त गिळत होते आणि काळे ओकत होते. सहाव्या दिवशी गेले. "त्याचंबी गुडघं असंच सुजायचं," ती म्हणाली. "बा त्याला मारायचा. खेळत न्हाई, सोंग करतंय म्हणून." लग्नाला एवढी वर्षे झाली होती. तिचा भाऊ तापाने गेला, असे मी धरून चाललो होतो. तिने कधी सांगितले नाही, असे मी म्हणू शकत नाही. सांगू लागली होती.

नमुना पुण्याला गेला. उत्तर यायच्या आधीच डॉक्टरांना निदान ठाऊक होते. त्यांनी आम्हा तिघांना बसवून सांगितले. मी व्यायामशिक्षक असल्याने शरीरशास्त्र थोडे शिकलो होतो. तरी हे नवे होते. रक्त वाहू लागले की ते आपोआप गोठत नाही. रक्तात घटक असतात, त्यांना क्रमांक आहेत. एकाने दुसऱ्याला जागे करायचे, दुसऱ्याने पुढच्याला, आणि शेवटी जखमेवर धाग्यांचे जाळे विणले जाते. आठवा घटक हे एक प्रथिन आहे. त्याच्या आधाराशिवाय नववा दहाव्याला जागे करू शकत नाही. जाळे विणले जात नाही. वरची जखम दिसते तरी. सांध्याच्या आत, जिथे कोणी पाहत नाही, तिथे रक्त साचत राहते.

"आणि तुम्ही जितकं चोळलं," त्या म्हणाल्या, "तितकं आत फाटत गेलं."

हे प्रथिन कसे बनवायचे, ते एका जनुकात लिहिलेले असते. त्यांनी केसपेपरच्या पाठीवर एक उभी रेघ काढली आणि तिच्या टोकाशी खूण केली. हे एक्स गुणसूत्र. ते जनुक इथे बसते, चांगले मोठे आहे. बायकांत ही रेघ दोनदा असते. एकीवरचे जनुक बिघडले तरी दुसरीवरचे निभावते. पुरुषात एकदाच असते. त्याला दुसरे नाही. अलीकडे असे कळले आहे की पुष्कळ घरांत ह्या जनुकाचा एक मोठा तुकडा तुटून उलटा बसलेला असतो. मजकूर असतो, पण वाचला जात नाही, आणि प्रथिन बनत नाही. आमच्या पोरात तेच झाले होते का, हे पाहण्याची सोय तिथे नव्हती. तसे त्यांनी स्पष्ट सांगितले.

"उलटा बसला असला तर सरळ बसवता येत नाही?" मी विचारले. चाळीस वर्षे मी तेच काम केले होते.

"नाही. येत नाही."

मग त्यांनी केसपेपरवर बोट ठेवून वाट दाखवली. माझ्या सासूकडून माझ्या बायकोकडे. बायकोकडून मुलीकडे. मुलीकडून पोराकडे. "तुमच्याकडून नाही," त्या मला म्हणाल्या. "तुमच्यात असतं, तर तुम्ही हौद्यात उतरला नसता." मला बरे वाटले. तेही लिहून ठेवतो. नातू पलंगावर पडला होता, शेजारी बायको आणि मुलगी बसल्या होत्या, आणि आपल्या रक्तात खोट नाही म्हणून मला बरे वाटले.

गुडघ्याला फळी बांधली, बर्फ ठेवला. आठवा घटक ज्यात असतो तो रक्ताचा अंश दुसऱ्यांच्या रक्तातून काढून चढवायचा होता. तालमीतले सहा जण रक्त द्यायला आले. ज्याने पोराचे खांदे धरले होते तो सर्वांत आधी आडवा झाला. सर्वांत दांडगा होता तो सुई पाहून घेरी येऊन पडला, आणि बाकीच्यांनी त्याला पुढे वर्षभर सोडले नाही: "चितपट, गड्या! सुईनं केला चितपट!"

सूज उतरू लागली तशी मुलगी मला व्हरांड्यात घेऊन गेली.

"आबा, माधवनगरात सांगू नका."

"काय?"

"हे रक्ताचं. आईकडनं येतंय म्हणून. सासू नांदवायची न्हाई मला. म्हनंल पोरीतच खोट. दुसरी करून आणंल त्यास्नी."

"मग तुझ्या नवऱ्यानं पोराला मारलं, हे तसंच राहू दे?"

ती स्वतः ह्याचे उत्तर शोधत होती. सांगितले तर तिचे घर जाण्याची भीती. न सांगितले तर तिचा नवरा शिराळ्यापासून सांगलीपर्यंत पोरावर हात टाकणारा ठरून राहणार. आणि पोर पुढच्या खेपेला कुठे आपटले तर त्या घरात कोणी बर्फही ठेवणार नाही, कोणी तरी तेल घेऊन बसेल. हा पेच तिने केला नव्हता. मनगट मोडले नसते, तर हीच गोष्ट दोन घरांनी एकत्र बसून ऐकली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माधवनगरला गेलो. बायको न सांगता निघाली. माझ्या दोन पावले मागून चालत होती. तिला परत जा म्हणालो नाही.

गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट होता. मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू जात नसे. जावई उंबऱ्यावर बसला होता. हात प्लास्टरमध्ये. त्याच्या मागांवर दुसरा माणूस लावला होता. विहीणबाई बाहेर आल्या.

"आला का? एक हात ऱ्हायलाय अजून. त्योबी मोडा."

जावयाचा थोरला भाऊ आतून आला आणि न बोलता माझ्या कानावर ठोसा मारला. दुसरा तोंडावर. तालमीत पहिला धडा हात वर घेण्याचा असतो. तो मी चाळीस वर्षे शिकवला. त्या दिवशी हात मागे बांधून उभा राहिलो. ओठ फुटला. पोटात लाथ बसली तेव्हा मी खाली बसलो आणि पुन्हा उठलो.

"उचल की हात! वस्ताद म्हनं! उचल!"

गल्लीतली माणसे जमली. एक जण म्हणाला, "आरं, म्हातारा पडतोय त्यो." जावई उठला. "दादा, बास. मरंल." भाऊ मागे सरला. माझा ओठ मी सदऱ्याच्या बाहीने दाबून धरला. थोड्या वेळाने रक्त थांबले. माझे थांबते.

मग मी बोललो. जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे, मागांच्या आवाजाच्या वर. यांनी पोराला मारले नव्हते. मी न विचारता यांचा हात मोडला. पोराच्या रक्तात एक प्रथिन तयार होत नाही, त्यामुळे डाग उठतात. पोराचा गुडघा मी चोळून बिघडवला. हे जन्माबरोबर आलेले आहे आणि आईच्या बाजूने येते.

विहीणबाईंना तेवढेच लागले. "म्हंजी खोट तुमच्या पोरीत हाय. खोटं नाणं आमच्या गळ्यात बांधलंसा."

माझ्याजवळ वाक्य तयार होते. डॉक्टरांनी दिले होते आणि ते खरे होते: माझ्यात नाही, माझ्या बायकोच्या माहेरचे आहे. ते म्हटले असते तर त्या गल्लीत माझी मान थोडी वर राहिली असती. मागे बायको उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. ती पदर सारखा करत होती. म्हणजे तीही त्याच वाक्याची वाट पाहत होती.

"आमच्यात आहे," मी म्हणालो. "माझ्या घरातून आलं. मुलीला ठाऊक नव्हतं. बोल लावायचा तर मला लावा. पण तिला नांदवायचं की नाही ते आज सांगा."

विहीणबाई तोंड उघडणार, तोच जावई म्हणाला, "आये, सा म्हयनं तू म्हनत हुतीस, ती पोराला मारती. मीबी एकदा इच्यारलं तिला तसं. ती रडली नुसती." मग त्याने मला विचारले, "गुडघा कसा हाय त्याचा?"

"सूज उतरतेय. पाय सरळ होत नाही."

तो चपला पायात घालू लागला. एका हाताने पट्टा लागेना. मी वाकलो. त्याने पाय मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या." तसाच निघाला.

दवाखान्याच्या दारात तो थांबला. "मामा, एक सांगतो. नांदायला ती माझ्याकडंच येनार, आई काय बी म्हनू दे. पर पोराला हात लावायचा न्हाई तुमी. तेलाचा न्हाई, मायेचाबी न्हाई. कळलं?"

"कळलं."

तो आत गेला. मी व्हरांड्यात बाकावर बसलो. आतून पोराचा आवाज आला. बसलेलाच होता अजून. "पप्पा, तुजाबी हात आबानी चोळला?"

दहा दिवसांनी ती तिघे रिक्षाने माधवनगरला गेली. विहीणबाई पुढे माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. मुलीला मात्र त्यांनी घरात घेतले, आणि बर्फाचा डबा शेजारच्या दुकानातून त्या स्वतः आणत, असे बायकोने मला सांगितले. मी सांधे बसवणे बंद केले. तालमीत नवा पोर आला की त्याला आधी त्याच्या मामांविषयी, आईच्या भावांविषयी विचारतो. किती होते, किती आहेत, जे नाहीत ते कशाने गेले. पोरे हसतात. बाहेर जाऊन म्हणतात, वस्ताद सोयरीक जुळवायला लागलंय.

दर पंचमीला जावई मुलीला आणि पोराला सोडायला येतो. पोराचा डावा पाय थोडा वाकलेला राहिला आहे. ते लांबूनच मला नमस्कार करते. तसे शिकवलेले आहे. जावई मात्र वाकून पाया पडतो. पायांपाशी त्याचे दोन्ही तळहात येतात. डावा पुरता टेकतो. उजवा मनगटात अडतो आणि बोटेच टेकतात, चार.